शेतातील झाडे : छाटावी कोणती, तोडावी कोणती?



भाताची झोडणी आटोपली आणि वालाची पेरणी झाली की कर्जत-खालापूर भागात कुऱ्हाड-कोयत्याची कामे सुरू होतात. कोणी राबासाठी ऐनाचा टहाळ तोडतो, कोणी वर्षाचे सरपण जमवतो, तर कोणाला घराच्या दुरुस्तीसाठी बांधावरचा साग विकायचा असतो. कुंभिवलीसारख्या गावात वर डोंगरउताराची वरकस जमीन, खाली भाताची खाचरे आणि घराभोवती आंबा, फणस, जांभूळ अशी रचना असते. या तिन्ही ठिकाणच्या झाडांचे काम वेगळे आहे. म्हणून त्यांच्या तोडीचा विचारही वेगवेगळा करावा लागतो.

चाळीस वर्षे वाढलेला ऐन यांत्रिक करवतीने अर्ध्या तासात आडवा होतो. तो परत उभा करायला पुन्हा चाळीस वर्षे लागतात. मात्र झाड तोडूच नये असा याचा अर्थ नाही. घरावर झुकलेले पोखरलेले झाड न तोडल्याने जीव जाऊ शकतो. दाटीने लावलेल्या सागाची विरळणी न केल्यास सगळीच झाडे काठीसारखी राहतात. म्हणून प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत. अडचण संपूर्ण झाडाची आहे की काही फांद्यांची? झाड तोडल्यावर त्याचे काम कोण करणार? आणि तोडायचेच असेल तर कोणत्या महिन्यात व कसे? या तीन प्रश्नांची उत्तरे कशी शोधावीत, याची माहिती या लेखात दिली आहे.

तोड, छाटणी आणि विरळणी

बोलताना आपण सगळ्यालाच 'झाड तोडणे' म्हणतो, परंतु यात चार वेगळी कामे आहेत. फांद्या कमी करणे म्हणजे छाटणी. जमिनीलगत खोड कापून खुंटाला नवे फुटवे येऊ देणे ही खुंटफुटीची तोड. दाट लागवडीतील काही झाडे काढून उरलेल्यांना जागा देणे म्हणजे विरळणी. झाड मुळासकट काढून टाकणे हे चौथे काम.

साग, ऐन, किंजळ, जांभूळ, गिरीपुष्प व सुबाभूळ यांच्या खुंटांना चांगले फुटवे येतात. अशा झाडाचे खोड योग्य वेळी व नीट कापले, तर मुळे जिवंत राहतात आणि जमीन धरून ठेवतात. नारळ, सुपारी व माड यांचे तसे नाही. त्यांना वाढीचा एकच कोंब असतो. शेंडा गेला की झाड गेले. सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ जमिनीलगत कापल्यास बहुधा फुटत नाही, म्हणून तिचा खुंट दीड-दोन फूट उंच ठेवावा. आपले झाड यांपैकी कोणत्या गटात येते, हे पाहूनच कापण्याची उंची ठरवावी.

सावली पडते म्हणून तोडण्यापूर्वी

बांधावरचे झाड तोडण्याचे सर्वात जास्त सांगितले जाणारे कारण म्हणजे पिकावर पडणारी सावली. ही सावली वर्षभर सारखी नसते. कर्जत सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जून-जुलैमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दुपारची सावली झाडाखालीच पडते. सप्टेंबरअखेर, म्हणजे भात निसवून दाणे भरण्याच्या सुमारास, १० मीटर उंच झाडाची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे साडेतीन मीटर जाते. डिसेंबरअखेर तीच सावली सुमारे ९ मीटर लांब होते.

यावरून व्यवहारातले दोन निष्कर्ष निघतात. ज्या खाचरात फक्त खरिपाचा भात होतो, तेथे बांधावरच्या झाडाची दुपारची सावली पिकाला फारशी नडत नाही. सकाळ-संध्याकाळची तिरपी सावली नडते. ती कमी करायला झाड पाडण्याची गरज नसते. झाडाच्या एकूण उंचीपैकी खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच्या फांद्या काढल्या की बाजूने उजेड आत येतो. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड आधीच कमी असतो, म्हणून ही छाटणी पावसाळ्यापूर्वी झालेली असावी.

दुसरा निष्कर्ष रब्बीचा. भातानंतर वाल, हरभरा किंवा भाजीपाला घेत असाल, तर शेताच्या दक्षिण बांधावरील उंच झाड खरोखर अडचणीचे ठरते. त्याची सावली हिवाळाभर आपल्याच पिकावर पडते. उत्तर बांधावरील झाडाची सावली बांधापलीकडे जाते. म्हणून दक्षिण बांधावर गिरीपुष्पासारखे वरचेवर छाटता येणारे झाड ठेवावे आणि उंच झाडे उत्तर बांधावर राखावीत. मात्र उत्तरेला शेजाऱ्याचे रब्बी पीक असेल, तर आपली सावली त्याच्या पिकावर जाते, हेही लक्षात घ्यावे. उत्तरेला ओढा, रस्ता किंवा पड जमीन असेल तो बांध उंच झाडांसाठी उत्तम.

सावलीइतकीच मुळांचीही स्पर्धा असते. ती फार जाणवत असल्यास झाड आणि पीक यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर काढावा. हा चर खोडापासून दूर आणि एकाच बाजूला काढावा. दोन्ही बाजूंची मुळे तोडलेले झाड पहिल्याच वादळात कोसळते.

ऐन आणि राब

रायगड-ठाण्यातील भातशेतीत वरकस जमिनीचे स्थान मोठे आहे. रोपवाटिकेच्या जागेवर ऐनासारख्या झाडांचा टहाळ, शेण, पालापाचोळा व पेंढा यांचे थर देऊन उन्हाळ्यात राब भाजला जातो. भाजल्यामुळे तणांचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते. पण जाळल्याने नत्र हवेत निघून जाते आणि सेंद्रिय पदार्थ संपतो. तीन हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात सेंद्रिय पदार्थ आधीच टिकत नाही. तो जाळून टाकणे परवडणारे नाही.

राबासाठी ऐन दरवर्षी ओरबाडला तर झाड खुरटते, खोडावर गाठी येतात आणि आत कूज शिरते. शेवटी 'आता याचा काही उपयोग नाही' म्हणून तेच झाड तोडले जाते. हे टाळण्यासाठी पुढील नियम पाळावेत.

१. एका झाडाचा टहाळ दरवर्षी घेऊ नये. झाडांचे दोन-तीन गट पाडावेत आणि प्रत्येक गटाला दोन-तीन वर्षांनी पाळी द्यावी.

२. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा कधीही छाटू नये. शेंडा शाबूत राहिला तर झाड वाढत राहते.

३. फांदी खोडाला चिकटून किंवा खोडाची साल फाडून काढू नये. आधी खालून थोडा छेद द्यावा आणि मग वरून कापावे.

४. मनगटापेक्षा जाड फांद्या टहाळासाठी तोडू नयेत. त्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत.

टहाळाची गरजच कमी करणे हा याहून चांगला मार्ग आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत भाताच्या तुसाचा व पेंढ्याचा फेरवापर आणि गिरीपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत ही पहिली दोन सूत्रे आहेत. गिरीपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो या प्रमाणात लावणीपूर्वी साधारण आठवडाभर आधी खाचरात पसरून चिखलणीत गाडतात. पाला जाळला जात नसल्याने त्यातील नत्र जमिनीतच राहते. बांधावर पावसाच्या सुरुवातीला गिरीपुष्पाची सुमारे एक मीटर लांबीची छाटकलमे लावल्यास दोन-तीन वर्षांत पाला मिळू लागतो. त्यानंतर जमिनीपासून सुमारे एक मीटरवर वर्षातून दोन-तीन वेळा छाटणी घेता येते. गिरीपुष्पाची एक ओळ उभी राहिली की वरकसातील ऐनांवरचा कोयता आपोआप कमी होतो.

जुना आंबा : तोडण्याआधी एक संधी

घराजवळचा चाळीस-पन्नास वर्षांचा आंबा उंच जातो, फांद्या एकमेकांत अडकतात, आत ऊन पोचत नाही आणि फळ फक्त शेंड्याला लागते. काढणी अवघड होते व फवारणी पोचत नाही. अशा वेळी झाड विकून मोकळे होण्याचा विचार येतो. त्याआधी खोड पाहावे. खोड आणि मुख्य फांद्या निरोगी असतील, तर झाडाचे पुनरुज्जीवन करता येते.

पाऊस संपल्यावर, परंतु कडक ऊन सुरू होण्याच्या आत, निवडक मुख्य फांद्या जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवर करवतीने कापाव्यात. मधली सरळ वर गेलेली फांदी काढल्यास आत उजेड येतो. कापलेल्या प्रत्येक भागावर लगेच दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. खोडाला व उघड्या फांद्यांना चुना लावावा, म्हणजे उन्हाने साल भाजत नाही. पुढे प्रत्येक फांदीवर असंख्य फुटवे येतात. त्यांपैकी बाहेरच्या दिशेने वाढणारे चार-सहा जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. खत-पाणी नीट दिल्यास साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ येऊ लागते. बागेतील सगळी झाडे एकाच वर्षी कापू नयेत, कारण दोन वर्षांचे उत्पन्न पूर्ण थांबते. एकाआड एक ओळ घ्यावी.

छाटलेल्या आंब्याचा मोठा शत्रू म्हणजे खोडकिडा, ज्याला आपण भिरूड म्हणतो. खोडावरील छिद्रातून भुसा बाहेर पडताना दिसला की वाकड्या तारेने अळी बाहेर काढावी, छिद्रात शिफारस केलेले कीटकनाशक सोडावे आणि तोंड चिखलाने बंद करावे. पुनरुज्जीवनानंतर पहिली दोन वर्षे दर पंधरवड्याला खोड तपासावे. मात्र भिरुडाने खोड सर्व बाजूंनी पोखरले असेल, साल सुटली असेल आणि फांद्या एकामागून एक वाळत असतील, तर असे झाड वाचत नाही. ते ठेवल्यास शेजारच्या झाडांना उपद्रव होतो. असे झाड तोडून त्याचे पोखरलेले भाग सरपणात लवकर संपवावेत किंवा जाळावेत.

बांडगुळासाठीही झाड तोडण्याची गरज नसते. बांडगूळ नुसते ओढून काढल्यास त्याची मुळे फांदीत राहतात आणि ते पुन्हा फुटते. ते जेथे चिकटले आहे त्याच्या एक-दीड फूट खालून फांदी कापावी आणि हे काम बांडगुळाची फळे पिकण्यापूर्वी करावे. पक्ष्यांमार्फत त्याचे बी इतर झाडांवर पसरते.

कोणती झाडे तोडलीच पाहिजेत?

पुढील परिस्थितीत तोड लांबवणे चुकीचे आहे.

धोक्याचे झाड : घर, गोठा, शाळा, विहीर किंवा रहदारीच्या वाटेवर झुकलेले झाड वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, काळजीपूर्वक तपासावे. झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध जमिनीला भेगा पडल्या आहेत का? बुंध्याजवळ अळंबी उगवली आहे का? कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकल्यावर खोड पोकळ वाजते का? शेंडा वाळत खाली येतो आहे का? अलीकडे पाया किंवा चर खणताना मोठी मुळे तुटली आहेत का? यांतील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर झाड पावसाळ्यापूर्वी उतरवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यात नारळ, सुपारी, आंब्याची असंख्य झाडे उन्मळून पडली. एवढ्या वाऱ्यात निरोगी झाडही पडू शकते. पण पोकळ झाडाला पडायला साधी वावटळही पुरते.

मेलेले व रोगट झाड : मेलेल्या नारळाचे खोड बागेत उभे किंवा आडवे ठेवू नये. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि तो जिवंत माडांवर जातो. मूळकुज झालेल्या झाडाचा खुंटही मुळांसह काढावा आणि त्या खड्ड्यात लगेच त्याच जातीचे झाड लावू नये. घरापासून दूर, कोणालाही धोका नसलेल्या जागी एखादे वठलेले झाड मात्र राहू द्यावे. त्याच्या ढोलीत घुबड व पिंगळा राहतात आणि ते शेतातील उंदीर खातात.

दाट लागवड : दोन बाय दोन मीटर अंतरावर लावलेल्या सागाची हेक्टरी २,५०० झाडे होतात. ती सगळी मोठी होऊ शकत नाहीत. पाचव्या-सहाव्या वर्षी फांद्या एकमेकांना भिडल्या की एकाआड एक झाड काढावे आणि पुढे दहाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा विरळणी करावी. वाकडी, दुभंगलेली, दबलेली झाडे आधी काढावीत आणि सरळ, जोमदार झाडे ठेवावीत. आपल्याकडे नेमके उलट घडते. गिऱ्हाईक चांगले झाड मागतो म्हणून चांगले जाते आणि वाकडे उरते.

पक्व झाड : इमारती लाकडासाठी लावलेले झाड वाढ मंदावल्यावर विकण्यात गैर काहीच नाही. ते त्यासाठीच लावलेले असते. ते पक्व झाले आहे की नाही, एवढेच पाहावे. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

उतारावरील झाडांना वेगळा नियम

सपाटीवरील बांध आणि डोंगरउताराची वरकस यांना एकच नियम लावता येत नाही. उतारावरील माती झाडांच्या मुळांनी बांधलेली असते. झाड तोडल्यावर खुंट मेला तर मुळे काही वर्षांत कुजतात आणि त्यांची पकड सुटते. म्हणजे तोडीचा परिणाम त्याच पावसाळ्यात न दिसता पुढे दोन-चार पावसाळ्यांनी दिसतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेत असलेली माणसे मातीखाली गेली. दरड कोसळण्यामागे खडकाची रचना, मातीचा थर, पाण्याचा निचरा आणि अतिवृष्टी अशी अनेक कारणे एकत्र असतात. केवळ झाडे असली म्हणून दरड थांबेल असे नाही. परंतु ज्या भागात डोंगराखाली वस्ती आहे, तेथे मातीला धरून ठेवणारी मुळे आपल्या हाताने कमी करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून तीव्र उतारावर, ओढ्याच्या काठावर, झऱ्याच्या वरच्या अंगाला आणि वस्तीच्या वरच्या बाजूला सरसकट तोड करू नये. सरपणासाठी लाकूड घ्यायचे असल्यास फुटणाऱ्या जातींचीच, तीही विखुरलेली मोजकी झाडे घ्यावीत. उतारावरील खुंट यंत्राने उपटू नये. उतार सपाट करून घर वा रस्ता काढायचा असेल, तर वरून येणाऱ्या पाण्याला वाट ठेवल्याशिवाय एकही झाड काढू नये.

तोडीचा हंगाम आणि खुंटाची काळजी

तोड पावसाळ्यानंतर, झाडाची पाने गळू लागल्यावर करावी. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य असतो. या काळात झाडाची वाढ थांबलेली असते, लाकूड सावकाश वाळते, कमी तडकते आणि कीड कमी लागते. मुळांत साठवलेले अन्न शाबूत असल्याने नवी पालवी फुटण्याच्या वेळी खुंटालाही जोमदार फुटवे येतात. पावसाळ्यात तोडलेल्या खुंटात पाणी मुरून कूज लागते.

खुंट जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवावा. कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत आणि एका बाजूला उतरता असावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. साल खोडापासून सुटू देऊ नये, कारण फुटवे सालीलगतच येतात. पहिल्या पावसाळ्यात आलेले फुटवे वाढू द्यावेत आणि दुसऱ्या वर्षी त्यांतील दोन-तीन सरळ, खुंटाच्या बुंध्यापासून निघालेले ठेवून बाकीचे काढावेत. पहिली दोन वर्षे तेथे जनावरे चारू नयेत. शेळीने शेंडा खाल्लेला फुटवा पुन्हा सरळ वाढत नाही.

बांबूची तोडही कोरड्या दिवसांतच करावी. पावसाळ्यात नवे कोंब निघत असतात, तेव्हा बेटात शिरू नये. तीन वर्षांपेक्षा जुन्या काठ्या तोडाव्यात आणि कोवळ्या ठेवाव्यात. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे खाजगी शेतातील बांबूचा व्यवहार पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

तोडताना घ्यावयाची दक्षता

झाडाची उंची आधी मोजावी. हाताच्या लांबीएवढी काठी घेऊन हात सरळ समोर धरावा आणि काठी उभी ठेवावी. काठीच्या खालच्या टोकाशी बुंधा आणि वरच्या टोकाशी शेंडा दिसेपर्यंत मागे सरकावे. तेथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. या अंतराच्या दुपटीच्या आत माणूस, मूल वा जनावर असू नये.

झाड ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूने आधी खोडाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच घ्यावी. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा थोड्या वरच्या पातळीवर, करवत चालवावी. दोन्ही कापांमध्ये थोडे लाकूड शिल्लक ठेवावे. तेच बिजागरीसारखे काम करून झाडाला दिशा देते. पळण्याची वाट झाड पडण्याच्या विरुद्ध बाजूला तिरपी आणि आधी साफ केलेली असावी. वारा किंवा पाऊस असताना काम करू नये. वीजवाहिनी जवळ असल्यास महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय फांदीलाही हात लावू नये. झाडावर आग्या मोहोळ किंवा पिल्ले असलेली घरटी आहेत का, हेही आधी पाहावे.

विक्रीपूर्वी घेर मोजा

बहुतेक सौदे उभ्या झाडावर, नजरअंदाजाने होतात. त्यात शेतकऱ्याचे नुकसान होते. ओंडक्याचे माप काढणे अवघड नाही. ओंडक्याच्या मध्यभागी घेर मोजावा, त्याला चारने भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. उदाहरणार्थ, मध्यभागी एक मीटर घेर आणि तीन मीटर लांबी असलेल्या ओंडक्याचे माप ०.२५ × ०.२५ × ३ = ०.१८७५ घनमीटर, म्हणजे सुमारे ६.६ घनफूट येते. ही पद्धत प्रत्यक्ष घनफळापेक्षा सुमारे २१ टक्के कमी माप दाखवते. वरून आणखी 'सालीची घट' मागणाऱ्या व्यापाऱ्याला हे सांगावे.

याच हिशेबातून घाईचा तोटाही कळतो. समान लांबीच्या ओंडक्याचा घेर ६० सेंटिमीटरवरून ९० सेंटिमीटर झाला, तर माप दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. शिवाय जाड सागात नरकाठ कमी व पक्के लाकूड जास्त असल्याने दरही वाढतो. बांधावरच्या सागांचे घेर दर दोन वर्षांनी, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजून वहीत लिहून ठेवावेत. घेर भराभर वाढत आहे तोपर्यंत झाड हे चांगल्या ठेवीसारखे असते. अडचणीच्या वेळी एक-दोन झाडे विकावीत, पण सगळी ओळ एकदम विकू नये.

परवानगीबाबत

झाड आपल्या सातबाऱ्यातील असले तरी ते तोडण्यापूर्वी कायदा पाहावा लागतो. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा इत्यादी झाडांचा समावेश आहे. अशा झाडांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. मेलेले, रोगट, वादळाने पडलेले किंवा जीवित-मालमत्तेला धोकादायक झाड असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे आणि छायाचित्र जोडावे. मोठी छाटणी करायची असेल तरी आधी विचारून घ्यावे. सातबाऱ्यावर 'खाजगी वन' किंवा वनाची नोंद असल्यास वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही करू नये.

माथेरानभोवतीचा प्रदेश २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. त्यात कर्जत व खालापूर तालुक्यांतील काही भाग येतो आणि तेथे वृक्षतोडीवर जादा निर्बंध आहेत. खोपोली व कर्जत नगरपरिषदांच्या हद्दीत नागरी क्षेत्रासाठीचा १९७५ चा वृक्ष कायदा लागू होतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. ठाकूर, कातकरी बांधवांनी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नये. या कायद्याचा हेतूच त्यांची फसवणूक टाळणे हा आहे. तोडीची परवानगी आणि लाकडाच्या वाहतुकीचा परवाना या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोन्हींची चौकशी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि वनपरिक्षेत्र कार्यालय यांच्याकडे करावी. अर्जाची पोच जपून ठेवावी. उन्हाळ्यात तोडायचे धोक्याचे झाड असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण होते.

आधी लावा, मग तोडा

झाड तोडल्यावर त्याच्या जागी दुसरे लावावे, असे नेहमी सांगितले जाते. याहून चांगली रीत म्हणजे तोडायचे झाड ठरले की त्याच्या जवळपास दुसरे आधी लावावे. पाच वर्षांनी जो साग विकायचा आहे, त्याची जागा घेणारे रोप याच पावसाळ्यात बांधावर लागले पाहिजे. मग सावली, पाला, सरपण आणि बांधाची पकड यांपैकी काहीही एकदम तुटत नाही.

यंदा भात झोडून झाल्यावर कोयता हातात घेण्यापूर्वी एक दिवस काढून आपल्या जमिनीतील झाडांवरून एक फेरी मारावी. प्रत्येक झाडापुढे वहीत 'राखणे', 'छाटणे' किंवा 'तोडणे' यांपैकी एकच शब्द लिहावा आणि त्यापुढे कारण लिहावे. ज्या झाडापुढे 'तोडणे' लिहिले पण कारण सुचले नाही, ते झाड या वर्षी राहू द्यावे. ज्या झाडापुढे 'घरावर झुकले आहे' असे कारण लिहिले गेले, त्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.